प्राईम ९५ : सॉफ्टवेअर फुकट, वीज आपली (५ पैकी ४ स्टार)

जुना फोर-कोर पीसी घरात नुसता पडून होता म्हणून हे टाकलं, चार महिने झाले वापरतोय. गिम्प्सचं सॉफ्टवेअर, म्हणजे लोकांच्या पीसींवर अवाढव्य मूळ संख्या शोधायचा, जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ ला सुरू केलेला प्रोजेक्ट, जाहिरात नाही, प्रीमियम प्लॅन नाही. २ चा अमुक घात वजा १ असा एक अवाढव्य आकडा ते तुमच्या पीसीला देतं आणि पीसीने बसून तो मूळ संख्या आहे की नाही ते शोधायचं, बस. दिसायला विंडोज ९८ च्या जमान्यातलं आहे, खिडकीत टक्के सरकत राहतात, तेही गोगलगायीच्या चालीने.

आत चालतं काय ते कळावं म्हणून मी किराण्याच्या बिलामागे छोटा आकडा करून बघितला. २ चा पाचवा घात वजा १, म्हणजे ३१. ४ पासून सुरू करायचं, वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा, की परत तेच. ४ चे १४, १४ चे १९४ म्हणजे बाकी ८, ८ चे ६२, बाकी शून्य! तिसऱ्या फेरीला शून्य आलं म्हणजे मूळ. एकही भाजक शोधावा लागला नाही राव. (हल्ली नव्या आकड्यांना आधी पीआरपी नावाची वेगळी टेस्ट लावतात, चूक मधेच पकडता येते म्हणून, पण मजा या जुनीत आहे.)

माझ्या पहिल्या आकड्याला जवळजवळ महिना गेला आणि निकाल काय, तर मूळ नाही. बरं मग भाग कशाने जातो? ते नाही सांगत! टेस्टचा स्वभावच तसा आहे, लुकास नावाच्या गणितज्ञाने १८७६ ला २ चा ६७ वा घात वजा १ मूळ नाही हे दाखवलं पण त्याचे अवयव कोल नावाच्या दुसऱ्या गणितज्ञाला मिळाले थेट १९०३ ला, १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

ऑक्टोबर २०२४ ला जो मूळ आकडा सापडला तो २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, ल्यूक ड्युरंटने ग्राफिक कार्डांवर पकडला, ४,१०,२४,३२० अंकी आहे, सेकंदाला एक अंक वाचला तर न झोपता जवळजवळ ४७५ दिवस लागतील. शेवटचा अंक मात्र कागदावर काढता येतो, घाताला ४ ने भागून बाकी १ उरते म्हणून शेवट १ चा. असे फक्त ५२ माहीत आहेत, म्हणजे माझ्या डबड्याचा चान्स काय ते समजून घ्या, बक्षीस ३,००० डॉलर आहे म्हणे.

खरा फायदा यातल्या टॉर्चर टेस्टचा झाला, म्हणजे पीसीवर पूर्ण ताण देऊन हार्डवेअर तपासायची सोय. पीसी मधेच बंद पडायचा, एका दुकानदाराने मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं होतं. टेस्ट लावली तर दहा मिनिटांत एरर, राउंडिंग ०.५ आलं, ०.४ च्या आत पाहिजे होतं. हे गुणाकार दशांशात करतं आणि उत्तर पूर्णांकाच्या जवळ यायलाच हवं, नाही आलं म्हणजे हार्डवेअर गंडलंय. रॅमची एक पट्टी काढली, विषय संपला.

लाईट गेली तरी टेन्शन नाही, दर अर्ध्या तासाला सेव्ह होतं. एक स्टार कापलाय तो बिलासाठी, महिन्याला पाचेकशे वाढले. दुसरा आकडा आता ३१ टक्क्यांवर आहे आणि आई रोज चहा देताना विचारते, लागला का रे तुझा नंबर?