केबल ठेवावी की फक्त ओटीटी घ्यावे? पुण्यातील एकत्र कुटुंबासाठी तुलना

आजी-आजोबा, मुलगा-सून आणि शाळकरी नातवंडे एकत्र राहतात अशा पुण्यातील घरात केबल काढून फक्त ओटीटी ठेवायचे का, हा प्रश्न सहसा महिन्याच्या बिलावरून निघतो. मात्र कोण कोणाबरोबर बसून काय पाहते, याचा विचार बिलाच्या आधी व्हायला हवा.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सहक्षेपणामुळे पुण्यात दिसू लागले. तेव्हापासून टीव्ही ही चारचौघांत पाहण्याची गोष्ट राहिली. मालिकेतील विधवा सून पुन्हा लग्नाला उभी राहते, तेव्हा आजी मोठ्याने नापसंती दाखवते, सून मेथी निवडता निवडता तिला उत्तर देते आणि एरवी त्या घरात ज्या विषयाला तोंड फुटले नसते, त्यावर दोघी बोलून जातात. खाष्ट सासू आणि सोशिक सून हे साचे मालिकांनी वर्षानुवर्षे गिरवले, हा दोष मी मुळीच कमी लेखत नाही. पण त्यांना नावे ठेवणारेही त्याच खोलीत बसलेले असतात.

२०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि जो तो आपापल्या फोनवर पाहू लागला. जात, समलिंगी नाते, वैवाहिक अत्याचार या विषयांना संध्याकाळच्या मालिकांत क्वचितच जागा मिळते. ओटीटीवर ते मोकळेपणाने येतात आणि कडक शिस्तीच्या घरातील मुलीसाठी हे फार मोलाचे आहे. त्याच वेळी आजोबांना मात्र यूट्यूब आधी पाहिलेल्यासारखीच प्रवचने सुचवत राहते. त्यामुळे डिजिटल झाले की घर आपोआप सुधारणावादी होते, हे मला पटत नाही.

२०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवर वयोगट दाखवणे आणि १३ वर्षांवरील गटांसाठी पालकांना कार्यक्रमांना कुलूप लावण्याची सोय देणे बंधनकारक आहे. परंतु सारे घर एकच प्रोफाइल वापरत असेल, तर त्याचा उपयोग नाही. मुलांचे प्रोफाइल वेगळे करून मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावावा.

एकत्र कुटुंबाने केबल ठेवावी, असे माझे मत आहे. २०१९ पासून वाहिन्या सुट्या निवडता येतात, तेव्हा मोजक्या मराठी वाहिन्या घ्याव्यात आणि सोबत एकच ओटीटी, तेही दिवाणखान्यातील टीव्हीवर. हा खर्च जड जात असेल, तर डीडी फ्री डिशवर सह्याद्री वाहिनी मासिक शुल्काविना दिसते. दोघेच राहणाऱ्या नोकरदार जोडप्याने मात्र केबल खुशाल काढावी.