सीएससीएस प्रमाणपत्र: व्यायामविज्ञानाच्या पदवीधराला ते कुठवर नेते

व्यायामविज्ञानाची पदवी घेतल्यानंतर ‘आता पुढे काय’ या प्रश्नाला सर्वाधिक वेळा मिळणारे उत्तर म्हणजे सीएससीएस, अर्थात ‘सर्टिफाइड स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग स्पेशालिस्ट’ हे खेळाडूंचे बळ आणि शारीरिक क्षमता वाढवणाऱ्या प्रशिक्षकांसाठीचे प्रमाणपत्र. १९७८ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या नॅशनल स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग असोसिएशनने, म्हणजेच एनएससीएने, १९८५ साली ते सुरू केले. हे प्रमाणपत्र मिळवून खेळाडूंसोबत काम करणारी आणि आता नव्या पदवीधरांना मार्गदर्शन करणारी व्यक्ती म्हणून मी हे परीक्षण लिहीत आहे. प्रमाणपत्र उत्तम आहे, पण त्याच्याकडून ज्या अपेक्षा ठेवल्या जातात त्यांपैकी निम्म्या अपेक्षा चुकीच्या आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

परीक्षेला बसण्यासाठी पदवी (किंवा पदवीच्या अंतिम वर्षातील प्रवेश) आणि हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाचे म्हणजे सीपीआरचे वैध प्रशिक्षण आवश्यक असते. परीक्षेचे दोन भाग आहेत. पहिल्या, शास्त्रीय पायाच्या भागात शरीरक्रिया, जैवयांत्रिकी, क्रीडा मानसशास्त्र आणि पोषण यांवरील ८० गुणांकित प्रश्न असतात, तर दुसऱ्या, उपयोजित भागात ११०. दोन्ही भागांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते, आणि एकात अपयश आले तर तेवढाच भाग पुन्हा देता येतो. पदवीचा अभ्यास ताजा असलेल्या विद्यार्थ्याला पहिला भाग फारसा जड जात नाही.

या प्रमाणपत्राची खरी किंमत दुसऱ्या भागात आहे. महाविद्यालयात स्नायूतंतूंचे प्रकार आणि ऊर्जाप्रणाली शिकवल्या जातात, पण हंगामाच्या मध्यावर, आठवड्यात दोन सामने असताना, मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत नुकतीच बरी झालेल्या खेळाडूला सोमवारी नेमके काय करायला लावायचे, हा प्रश्न तिथे क्वचितच विचारला जातो. इथे मात्र तोच विचारला जातो. कमाल बळासाठी एका आवर्तनाच्या कमाल क्षमतेच्या (म्हणजे फक्त एकदाच उचलता येईल अशा वजनाच्या) ८५ टक्के किंवा त्याहून अधिक वजन, सहा किंवा त्याहून कमी आवर्तने आणि दोन ते पाच मिनिटांची विश्रांती, हे सूत्र पाठ असणे पुरेसे ठरत नाही. ते या खेळाडूला आज लागू करावे की नाही, हे ठरवावे लागते. उडी मारण्याच्या सरावात नवशिक्यासाठी एका सत्रात ८० ते १०० पदस्पर्श (म्हणजे पाय जमिनीवर टेकण्याची संख्या) ही मर्यादा का, स्नॅच किंवा क्लीन हे वजन झटक्यात उचलण्याचे प्रकार करताना मागे उभे राहून आधार देण्याचा प्रयत्न का करू नये, स्फोटक व्यायाम सत्राच्या सुरुवातीलाच का घ्यावेत, या सर्वांची कारणे समजलेली असावी लागतात. काही प्रश्नांत चित्रे किंवा चित्रफिती दाखवून तंत्रातील चूक ओळखायला सांगतात. या तयारीने माझी निरीक्षणाची शिस्त बदलली, आणि त्याबद्दल मी या परीक्षेची मनापासून ऋणी आहे.

तरीही एक गोष्ट बहुविकल्पी परीक्षेला मोजताच येत नाही. वीस खेळाडूंच्या गटासमोर उभे राहून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात एकच नेमकी सूचना देणे, थकलेल्या खेळाडूचा चेहरा वाचून नियोजित भार कमी करणे आणि तो निर्णय मुख्य प्रशिक्षकाला पटवून देणे, हे सर्व प्रत्यक्ष उमेदवारीतूनच येते. त्यामुळे निवड करणारे अनुभवी प्रशिक्षक प्रमाणपत्राकडे पाहतात आणि लगेच विचारतात, ‘कोणाच्या हाताखाली काम केले?’ या प्रश्नाचे उत्तर तयार नसलेल्या पदवीधराला प्रमाणपत्र एकटे फार पुढे नेत नाही. उमेदवारी आधी आणि परीक्षा नंतर, किंवा दोन्ही एकत्र, हाच क्रम मला योग्य वाटतो.

अपेक्षांची दुसरी गफलत अधिक गंभीर आहे. व्यायामविज्ञानाचे क्षेत्र खेळाडूंपुरते कधीच मर्यादित नव्हते. १९५३ साली ब्रिटिश साथरोगशास्त्रज्ञ जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसमधील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. या शास्त्रातील इतका मूलभूत निष्कर्ष सामान्य कष्टकरी माणसांच्या निरीक्षणातून आला. हृदयरोग पुनर्वसन, मधुमेहींसाठी व्यायामयोजना, कर्करोगाच्या उपचारांनंतरची शक्तिवृद्धी, वृद्धांमध्ये पडणे टाळण्याचे कार्यक्रम ही सर्व त्याच परंपरेतील कामे आहेत, आणि सीएससीएस त्यांच्यासाठी तयार केलेले नाही. एनएससीएचेच विशेष गरजा असलेल्या व्यक्तींसाठीचे प्रमाणपत्र वेगळे आहे. रुग्णालयीन कामासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचे क्लिनिकल एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट हे प्रमाणपत्र अधिक योग्य ठरते. त्यासाठी पदवीधराला १,२०० तासांचा आणि क्लिनिकल एक्सरसाइज फिजिऑलॉजीतील पदव्युत्तराला ६०० तासांचा रुग्णांसोबतचा अनुभव लागतो. ही तासांची अट मला सीएससीएसमध्येही हवी होती.

ज्यांना प्रयोगशाळेतील मापन, ऑक्सिजन-ग्रहण चाचण्या, बलपट्टीवरील (पायांनी जमिनीवर दिलेला जोर मोजणाऱ्या उपकरणावरील) उडीचे विश्लेषण किंवा संशोधन आवडते, त्यांनी आधी पदव्युत्तर शिक्षण आणि संख्याशास्त्र यांकडे वळावे. फिजिओथेरपी हा तर पूर्ण स्वतंत्र शिक्षणक्रम आहे. सीएससीएसधारकाने दुखापतीचे निदान करू नये, ही मर्यादा या प्रमाणपत्राची चौकट स्पष्टपणे सांगते, आणि रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी ती पाळलीच पाहिजे.

परीक्षा उत्तीर्ण झाली की खर्च आणि कष्ट संपले, असेही समजू नये. दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी सततच्या शिक्षणाचे श्रेयांक जमवावे लागतात. चांगल्या कार्यशाळा निवडल्या तर हा भार न वाटता लाभ वाटतो. केवळ श्रेयांकांपुरते व्याख्यान ऐकले तर खर्च आणि कष्ट दोन्ही वाया जातात. याशिवाय, २०३० पासून मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातील पदवीची अट लागू करण्याचे एनएससीएने जाहीर केले आहे. म्हणून सध्या पदवीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षात असलेल्यांनी आपल्या अभ्यासक्रमाची स्थिती आणि अटींचा त्या वेळचा तपशील संस्थेकडून लेखी तपासून घ्यावा. संघासोबत, मैदानावर आणि वजनांच्या दालनात काम करण्याची ओढ असलेल्या पदवीधराला मी हे प्रमाणपत्र निःशंकपणे सुचवते. रुग्णालयाची वाट धरणाऱ्याने तेच पैसे आणि तेच महिने रुग्णांसोबतच्या तासांवर खर्च करावेत.