क्लच प्लेट बदललीच नाही, 11,850 रुपये मात्र घेतले

गणपतीला चार दिवस असताना क्लचसाठी 11,850 रुपये मोजले. बिघाड निघाला 480 रुपयांच्या केबलचा. केबलवरच्या क्लचची (पेडलची ओढ तारांच्या केबलने क्लचपर्यंत जाते अशी) जुनी गाडी वापरणाऱ्यांनी, त्यातही किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी, हे वाचाच. खाऱ्या हवेत ही केबल आतून गंजते आणि तिची एकेक तार तुटत जाते.

गाडी 2008 ची ऑल्टो, पावसात तीन आठवडे दारात उभी. बाहेर काढली तर पेडल जड, रिव्हर्स टाकताना खरखर. इंजिन बंद केलं की मात्र सगळे गिअर अलगद पडत होते. याचा अर्थ क्लच पुरता सुटत नव्हता, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पुरतं वेगळं होत नव्हतं. इंजिनाच्या फिरत्या चाकाला (फ्लायव्हीलला) घट्ट धरणारी क्लच प्लेट झिजते तेव्हा नेमकं उलट होतं. क्लच सुटतो, पण पकडत नाही. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही, जळका वास येतो. माझी गाडी त्याच सकाळी चार माणसं घेऊन निवळी घाट चढली होती. वास नाही, घसरणं नाही.

हायवेलगतच्या गॅरेजवाल्याने माझ्यासमोर हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला, थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन क्लच सोडला. इंजिन झटका देऊन बंद पडलं. म्हणाला, "बघा काका, बंद पडली. प्लेट संपली."

तिथेच त्याला थांबवायला हवं होतं. या चाचणीत इंजिन बंद पडलं तर क्लच घट्ट पकडतो आहे. प्लेट संपलेली असती तर इंजिन तसंच घुमत राहिलं असतं. त्याने चाचणी बरोबर केली आणि निकाल उलटा सांगितला, आणि मी मान हलवली. आठ महिने झाले, तो क्षण डोक्यातून जात नाही. पण मुंबईची माणसं दुसऱ्या दिवशी रत्नागिरी स्टेशनवर उतरणार होती, बाकीच्या गॅरेजांतली पोरं गणपतीसाठी गावी गेलेली. अडलेल्या माणसाला ठामपणे बोललेलं खरं वाटतं, आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं. (ही चाचणी घरी करायची तर हँडब्रेक चांगला हवा, समोर मोकळी जागा हवी, आणि एकदाच करा. पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही जळते.)

बिल साध्या कागदावर: क्लच सेट 6,200, फ्लायव्हील घासणं 900, ऑइल सील 400, गिअर ऑइल 850, मजुरी 3,500. गाडी अडीच तासांत परत. या गाडीत प्लेट बदलायची तर गिअर ऑइल काढून दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे) ओढावे लागतात, मग गिअरबॉक्स खाली येतो. त्यात फ्लायव्हील लेथवर नेऊन आणायचं म्हणजे दिवस गेलाच. "जुनी" म्हणून दाखवलेल्या प्लेटच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर लाल गंजाचा थर होता. तासापूर्वी धावलेल्या गाडीची प्लेट काळसर आणि चकचकीत असते.

दहाव्या दिवशी तीच खरखर. दुसऱ्या मेकॅनिकने गाडी वर घेतली. गिअरबॉक्सच्या बोल्टांवर जुना चिखल आणि गंज जसाच्या तसा, ड्रेन प्लगला (गिअर ऑइल काढायच्या बोल्टला) पाना लागल्याची खूणसुद्धा नाही. आधीच्याने फक्त केबलच्या टोकाचा नट आवळला होता. त्याने काही दिवस भागतं, पण पेडलची सुरुवातीची मोकळी हालचाल (फ्री प्ले) उरत नाही. क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग सतत प्रेशर प्लेटवर (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागावर) टेकून राहतं, आणि चांगला क्लच खरोखरच घसरायला लागतो. केबल काढली तर ती ज्या काट्याला ओढते त्याच्याजवळ सात तारा तुटलेल्या. नवी केबल 480, मजुरी 250.

काम देण्याआधी बोल्टांचे आणि ड्रेन प्लगचे फोटो काढा, एका बोल्टवर रंगाचा ठिपका द्या. जुने भाग घरी आणा. आवाजावरूनही फसू नका. पेडल दाबल्यावर घरघर आली तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येऊन दाबल्यावर गेली तर दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्ट बेअरिंगचा, त्यावर क्लच सेट विकत घेऊ नका. जागेवरून निघताना गाडी थरथरली तर आधी इंजिनाचे माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) बघा.

पोलीस ठाण्यात गेलो तर "हे दिवाणी आहे." न केलेल्या कामाचे पैसे घेणं दिवाणी कसं? दुसऱ्यांदा गेलो तर साहेब विसर्जनाच्या बंदोबस्तात. तिसऱ्यांदा ज्यांनी ऐकून घेतलं त्यांनी "पक्कं बिल कुठाय?" विचारून कागद परत सरकवला. पक्कं बिल त्या माणसाने दिलं नाही हीच तर माझी तक्रार! परिवहन कार्यालय म्हणालं, गॅरेज आमच्याकडे येत नाही. एकाने सांगितलं, तज्ज्ञाचं लेखी आणा. या पट्ट्यात एक मेकॅनिक दुसऱ्याविरुद्ध सही देत नाही, हे त्या खुर्चीतल्या माणसाला माहीत नसेल? चार खेपांत पेट्रोलचे 1,100 गेले.

पैसे रोख देऊ नका, यूपीआयने द्या. माझ्याकडे तेवढाच पुरावा उरला. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. पोलिसांत घालवलेले दिवस मी आधी तिथे घालवायला हवे होते. आता अर्ज केला आहे. सोबत यूपीआयची नोंद, चिखलाने माखलेल्या बोल्टांचे फोटो आणि सात तारा तुटलेली केबल.