स्क्वूश : फोटो हलका करताना काय हरवते ते दाखवणारे साधन

फोटोची फाइल लहान करायची म्हटले की बहुतेक जण क्वालिटीचा आकडा खाली ओढतात आणि लांबी-रुंदीला हातच लावत नाहीत. ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो त्याच मापाचा ठेवून क्वालिटी ३० वर आणली, तर फाइल हलकी होते खरी, पण आकाशात चौकटी उमटतात आणि केसांचे, कापडाच्या पोताचे बारकावे पुसले जातात. त्याऐवजी तोच फोटो १६०० बाय १२०० केला, तर १ कोटी २० लाखांऐवजी १९ लाख २० हजार पिक्सेल, म्हणजे मूळच्या अवघे १६ टक्के उरतात, आणि मग क्वालिटी ७५ ते ८५ च्या दरम्यान ठेवूनही फाइल आटोक्यात राहते. आधी माप, मग क्वालिटी हा क्रम ज्यात सहज अंगवळणी पडतो, असे मी वापरलेले सर्वांत चांगले साधन म्हणजे स्क्वूश.

गूगलच्या क्रोम टीमने २०१८ मध्ये आणलेले हे साधन मोफत व मुक्तस्रोत असून ते ब्राउझरमध्येच चालते. फोटो कोणत्याही सर्व्हरवर पाठवला जात नाही. सगळी प्रक्रिया आपल्याच संगणकावर होते. ओळखपत्राची किंवा वैद्यकीय अहवालाची प्रत लहान करायची असते, तेव्हा ही गोष्ट मला इतर सर्व सोयींपेक्षा मोलाची वाटते.

पडद्याच्या मधोमध एक उभी पट्टी असते. तिच्या एका बाजूला मूळ चित्र आणि दुसऱ्या बाजूला नवे चित्र दिसते, आणि फाइल किती टक्क्यांनी घटली हेही लगेच कळते. मी देवनागरी मजकुराचे स्कॅन केलेले पान उघडले, ते दुप्पट मोठे करून पाहिले आणि जेपेग या फोटोंच्या नेहमीच्या फाइलप्रकाराची क्वालिटी हळूहळू उतरवली, तेव्हा शिरोरेषेच्या वर आणि अनुस्वारांच्या भोवती धुळीसारखे करडे ठिपके जमताना स्पष्ट दिसले. जेपेगमध्ये चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडले जातात आणि पांढऱ्यावर काळी अशी धारदार कड त्या पद्धतीला नीट पेलत नाही, हे त्याचे कारण. तेच पान पीएनजी या दुसऱ्या फाइलप्रकारात घेऊन ‘रिड्यूस पॅलेट’मधून रंगांची संख्या १६ वर आणली, तर अक्षरे स्वच्छ राहिली. लाल अक्षरांच्या मथळ्याची अडचण मात्र वेगळी असते: जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवतात, त्यामुळे लाल रंग कडेबाहेर पसरतो. प्रगत सेटिंगमध्ये क्रोमा सबसॅम्पलिंग, म्हणजे रंगाच्या माहितीची ही काटछाट, बंद केले की तो दोष जातो, फाइल मात्र थोडी वाढते.

माप बदलण्यासाठी लँक्झॉस, मिचेल, कॅटमल-रॉम अशा पद्धती दिल्या आहेत. लँक्झॉसने चित्र रेखीव उतरते, पण ठळक कडांलगत फिकट झालर येऊ शकते. चेहऱ्यांसाठी मला थोडी मऊ असलेली मिचेल बरी वाटते. ‘लिनिअर आरजीबी’ची खूण चालू आहे ना, हे जरूर पाहावे. ती नसेल, तर काळोखातले दिवे किंवा गडद पार्श्वभूमीवरच्या बारीक पांढऱ्या रेषा चित्र लहान होताना मूळपेक्षा मंद पडतात. एव्हीआयएफ आणि वेबपी हे नवे फाइलप्रकारही उपलब्ध आहेत. एव्हीआयएफची फाइल पुष्कळदा जेपेगहून बरीच लहान होते, पण ती तयार व्हायला वेळ लागतो, आणि अनेक ऑनलाइन अर्ज आजही फक्त जेपेगच स्वीकारतात.

उणिवाही आहेत. एका वेळी एकच चित्र घेता येते. शेकडो फोटो असतील, तर लेखी आज्ञा देऊन चालवायच्या इमेजमॅजिक या सॉफ्टवेअरकडे वळावे, मात्र त्यातील मॉग्रिफाय ही आज्ञा मूळ फाइलवरच नवी फाइल लिहिते, म्हणून आधी प्रत काढूनच ती चालवावी. ‘१०० केबीच्या आत बसवा’ असे स्क्वूशला थेट सांगता येत नाही. फाइलच्या वजनाचा आकडा पाहत क्वालिटीची पट्टी सरकवावी लागते. लहान चित्र मोठे करण्यासाठी याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये, कारण जो तपशील टिपलाच गेलेला नाही, तो कोणत्याही गणिती पद्धतीने परत येत नाही.

नव्या फाइलमधून फोटोची तारीख, कॅमेऱ्याची नोंद आणि ठिकाणाची माहिती निघून जाते. इतरांना पाठवायच्या फोटोंसाठी हे चांगलेच आहे, परंतु संग्रहासाठी मूळ फाइल वेगळी जपावी आणि पुढे दुसरे माप लागले तर नवी प्रत त्या मूळ फाइलवरूनच काढावी. आधीच दाबलेली जेपेग पुन्हा दाबली की शिरोरेषेवरची ती धूळ आणखी दाट होते.