सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकेतील जास्वंद : दोन वर्षांनंतरचे मत

पुणे-सोलापूर महामार्गावर उरुळी कांचनच्या परिसरात ज्या अनेक रोपवाटिका आहेत, त्यांपैकी एकीतून दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी जास्वंदीची तीन रोपे आणली. त्यांत एक एकेरी पाकळ्यांची गावठी लाल जास्वंद होती आणि दोन मोठ्या दुरंगी फुलांची कलमे होती. गावठी रोप ८० रुपयांना मिळाले, तर प्रत्येक कलमाला ३५० रुपये मोजावे लागले. रोपे देणाऱ्या कामगाराने न विचारता पाने उलटी करून पिठ्या ढेकूण नसल्याचे दाखवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. कारण ही कीड एका रोपाबरोबर घरात आली की शेजारच्या कुंड्याही सुटत नाहीत.

माझी तक्रार आहे ती मातीविषयी. दोन्ही कलमांची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, चिकट लाल मातीची आणि इतकी घट्ट होती की घातलेले पाणी कडेने निथळून जाई आणि मुळे असलेला गाभा कोरडाच राही. हुंडीला हात न लावता ती तशीच कुंडीत बसवावी, असे मला सांगण्यात आले होते. मी तसे केले आणि तीन आठवड्यांत एका कलमाच्या साऱ्या कळ्या उमलण्यापूर्वीच गळून पडल्या. शेवटी हुंडी पाण्यात भिजवून कडेची माती हलक्या हाताने सोडवली आणि माती, कोकोपीट व शेणखताच्या भुसभुशीत मिश्रणात कलम पुन्हा लावले, तेव्हा कुठे महिन्याभराने त्याला नवी पालवी फुटली.

फुलांसाठी म्हणून तेथे हाडांच्या खताची पिशवीही दिली जाते. ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या खतात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असते आणि जास्वंदीला जास्तीचे स्फुरद मानवत नाही. तिला पालाश (पोटॅशियम) अधिक लागते. कलमाच्या सांध्याखालून येणारी फूट वेळीच काढावी लागते, हेही तेथे कोणी सांगितले नाही. न काढल्यास खुंटच, म्हणजे ज्यावर कलम बांधलेले असते ते खालचे झाडच, वाढत जातो आणि वरचे कलम मागे पडते.

गावठी जास्वंदीबद्दल मात्र समाधानच आहे. गच्चीत पाच-सहा तास ऊन मिळते तेथे तिची कुंडी आहे. फूल नव्या फुटीवर येत असल्याने मी वर्षातून एकदा तिची छाटणी करते आणि एरवी पाण्याखेरीज तिला फारसे काही लागत नाही. कलमाचे फूल तळहाताएवढे आणि अतिशय देखणे असते. पण तेही बहुधा दुसऱ्या दिवशी मिटते, आणि गणपतीच्या रोजच्या पूजेला पुरतील एवढी फुले मला गावठी झाडानेच दिली आहेत. या रोपवाटिकेतून गावठी रोप निःशंकपणे आणावे. कलम घ्यायचे असल्यास पिशवी दाबून पाहावी आणि माती दगडासारखी लागली तर ते तेथेच ठेवावे.