सही खरी होती, तरीही पैसे गेले

बॉट, म्हणजे आपोआप व्यवहार करणारा प्रोग्राम, आपल्या गुप्त किल्लीने एका कामावर डिजिटल सही करतो: अमुक पत्त्यावर १०० टोकन पाठवा. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारा कोड) इक्रिकव्हर या इथेरियमच्या फंक्शनने त्या सहीवरून सही करणाऱ्याचा पत्ता काढतं, तो बॉटचाच निघाला की पैसे सोडतं. थोड्या वेळाने तीच सही, तोच संदेश पुन्हा येतो आणि पुन्हा १०० टोकन जातात. किल्ली चोरीला गेलेली नसते. चेनवरचा सगळा डेटा उघडाच असतो, चोराने फक्त नक्कल मारलेली असते.

यावर बहुतेक जण ईआयपी-७१२, म्हणजे संदेशावर सही करण्याची इथेरियमवरची प्रमाण पद्धत, वापरतात आणि निर्धास्त होतात. तिथेच घोळ होतो. तिच्या डोमेनमध्ये (सही कुठे लागू आहे ते सांगणाऱ्या भागात) नाव, आवृत्ती, चेन आयडी, कॉन्ट्रॅक्टचा पत्ता घालता येतो. नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) आणि मुदत मात्र संदेशात तुम्हालाच घालावी लागते. शिवाय नॉन्स खर्ची टाकायचा तो पैसे पाठवण्याआधी, नंतर नाही.

काही जण नॉन्सऐवजी वापरलेल्या सहीचा हॅश, म्हणजे तिच्या बाइट्सवरून काढलेला ठसा, जपून ठेवतात. ही पळवाट महागात पडते. सहीतल्या एस या आकड्याच्या जागी एन वजा एस घातला (एन ही सहीच्या गणितातल्या वक्राची ठरलेली संख्या) आणि व्ही हा आकडा २७ चा २८ केला, की बाइट्स बदलतात, सही करणारा तोच राहतो. इक्रिकव्हर हे चालवून घेतं.

त्याहून वाईट म्हणजे सही चुकीची असली तर इक्रिकव्हर व्यवहार उलटवत (रद्द करत) नाही, शून्य पत्ता परत करतं. नोंदच न झालेल्या कामाचा बॉट मॅपिंगमध्ये (कॉन्ट्रॅक्टच्या नोंदवहीत) शून्यच असतो. शून्य बरोबर शून्य, झालं काम! ओपनझेपेलिन या तयार कोड देणाऱ्या प्रकल्पाची ईसीडीएसए (सही तपासणारी) लायब्ररी अवैध सही आणि एनच्या निम्म्याहून मोठा एस, दोन्ही नाकारते. मग हा भाग स्वतः लिहिण्याचा हट्ट कशाला?

पाचपैकी तीन सह्या हव्या असतील तर एकच सही तीनदा दिलेली चालते का, तेही बघा. पत्ते चढत्या क्रमानेच घेतले की हा प्रश्न मिटतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये वर्महोल या पुलावरून (एका चेनवरचे टोकन दुसरीवर नेणारी सेवा) १ लाख २० हजार रॅप्ड इथर (इथरचं दुसऱ्या चेनवरचं रूप) गेले, तेव्हा सहीचं गणित कुणी मोडलं नव्हतं. सह्या तपासल्याचं सांगणारं सोलाना या चेनवरचं सिस्टिम खातं खरं आहे की बनावट, हेच कोडने पाहिलं नव्हतं.

तैनातीपूर्वी पाच व्यवहार मुद्दाम करून पाहा: तीच सही दोनदा, रक्कम बदलून, मुदत उलटल्यावर, दुसऱ्या चेनवर आणि सहीच्या जागी नुसती शून्यं. पहिल्यातली दुसरी खेप आणि बाकीचे चारही उलटलेच पाहिजेत.