घोडीच्या सांध्यांसाठी ग्लुकोसामाइन पावडर: पावसाळा ते संक्रांत

वरातीत नाचणारी काठेवाडी घोडी, वय चौदा. सकाळी ठाणावरून सोडली की मागचे पाय आखडलेले, थोडं चालल्यावर मोकळे. परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवून, लंगडण्याचं मूळ सांध्यातच आहे याची खात्री करूनच ग्लुकोसामाइनची (सांध्यांच्या कूर्चेत असणारा घटक, खाण्यातून पूरक म्हणून देतात) पावडर आणावी. खुरात पू झाला असेल तर पावडरीचा काडीचाही उपयोग नाही.

मात्रा ठरते वजनावर. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी (सगळं सेंटिमीटरमध्ये), भागिले 11880. घेर 160, लांबी 145 असेल तर वजन साधारण 312 किलो येतं. 500 किलोच्या घोड्याला सुरुवातीला दिवसाला 10 ग्रॅम ग्लुकोसामाइन देण्याचा प्रघात आहे, म्हणजे हिला सहा ग्रॅमच्या आसपास. लेबलवर चमच्यातल्या पावडरीचं वजन न बघता त्यात ग्लुकोसामाइन किती ते बघा. बाकीचा बराचसा भुसाच असतो. पावडर कोरडी टाकली तर घमेल्याच्या तळाशी उरते. ओल्या गव्हाच्या कोंड्यात कालवली की चाटूनपुसून खाते. पावसाळी हवेत डबा उघडा राहिला तर गठ्ठे होतात.

दोनेक महिन्यांनी सकाळचा आखडलेपणा कमी झाला, वळताना पाय टाकणं सुधारलं. पण त्याच काळात नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी येऊ लागला होता. खुराचं टोक लांब वाढलं की पाय उशिरा उचलला जातो आणि त्याचा ताण वरच्या प्रत्येक सांध्यावर येतो. त्यामुळे निम्म्याहून जास्त श्रेय खूर कापण्याला. तोंडावाटे दिलेल्या या पावडरींचे शास्त्रीय पुरावेही उलटसुलटच आहेत. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, त्यांनी परत येत नाही.

वजनाचंही तसंच. नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेत जनावर उठून दिसावं म्हणून हरभरा आणि गूळ चारून अंग भरतात. तो भार शेवटी सांध्यांवरच येतो, आणि जास्त दाण्या-गुळाने खुराच्या आतल्या थराला सूज येण्याचा धोका वेगळाच. कडबा आणि हिरवा चारा पोटभर, दाणा कामापुरता.

लगीनसराईत डांबरी रस्त्यावर मागच्या दोन पायांवर उभं करणं हे या सांध्यांचं सगळ्यात मोठं नुकसान. नाचवण्याआधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं चालवावं. दोन पायांवर उभं करणं या वयात बंदच करावं, सुपारी कितीही मोठी असो. दुखणं दाबायला वेदनाशामक देऊन वरातीला उभं करणं तर निव्वळ क्रूरपणा: दुखणं कळत नाही म्हणून सांधा आणखी झिजतो, आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडलेल्या घोड्याच्या मूत्रपिंडाला व जठराला ते औषध फार महागात पडतं.

सांधा गरम आणि सुजलेला दिसला तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं. सांध्याजवळच्या जखमेतून पिवळसर चिकट पाणी येत असेल, किंवा घोडं पायच टेकत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर हवा.

खूर, वजन आणि काम या तिन्ही गोष्टी जागेवर असतील तर म्हाताऱ्या घोडीला ही पावडर चालू ठेवायला हरकत नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ते नालबंदाला द्या.